होडीला दावं

मास्तरांच्या अडकित्त्याचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. सुपारी कट्कन फुटली की समजायचं, इंग्रजी बोलीला मराठी जोडीदार मिळाला, चिठ्ठी मंजूर. आवाज आला नाही तर ती सुपारी तशीच पानाच्या डब्याशेजारी राहायची आणि माझा दिवस फुकट गेलेला असायचा. चार वर्षं मी त्या आवाजावर जगलो. त्या घराचं मीठ खाल्लं, त्या घरानं मला मरणातून काढलं, म्हणून हे लिहितानाही भीती वाटते की कुठे कृतघ्नपणा तर होत नाही ना.

मास्तर म्हणजे घाटावरच्या एका इंग्रजी शाळेचे हेडमास्तर. पेन्शन घेऊन ते आपल्या गावी, समुद्रकाठी परतले होते. हरिहरेश्वराला चालत जाणाऱ्यांच्या वाटेवर त्यांची सुपारीची वाडी होती. जर्मनांशी झालेली पहिली लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील. त्यांना एक पुस्तक करायचं होतं. इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात सरळ न सांगता जे आडून सांगतो, चित्र दाखवून सांगतो, त्या सगळ्या वाक्प्रचारांचा संग्रह (मास्तर त्यांना बोली म्हणायचे), आणि प्रत्येकासमोर आपला माणूस त्याच प्रसंगी काय बोलतो ते. तीस वर्षं त्यांनी पोरांची भाषांतरं तपासली होती. पोरं शब्दाला शब्द लावतात, म्हणायचे, आणि माणूस हातचा जातो.

पण पेन्शन सुरू झाली आणि डोळ्यांत काचबिंदू उतरला. वाचायला आणि लिहायला कोणी तरी हवं होतं. माझा मामा त्यांच्या शाळेत शिपाई होता. मी इंग्रजी तिसरीत होतो तेव्हा वडील गेले आणि शाळा सुटली. त्यानंतर तीन वर्षं दुसऱ्याच्या शेतावर राबत होतो. मामानं मास्तरांना सांगितलं की भाच्याचं अक्षर चांगलं आहे. तेवढ्या एका गुणावर मी सोळाव्या वर्षी घाट उतरलो.

पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप झाला. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, बारा दिवस उशाशी होती. कोयनेल पाजायची, भाताची पेज भरवायची, घाम पुसायची. माझ्या आईनं केलं असतं तेवढं तिनं केलं. कदाचित जास्तच, कारण आईला सकाळी कामावर जावंच लागलं असतं. बरा झालो तेव्हा मास्तर म्हणाले, "आता तू पाहुणा नाहीस." मला तेव्हा किती बरं वाटलं होतं! त्या वाक्याला दुसरी बाजूही असते हे कळायला वर्षं गेली.

कामाची रीत अशी. सकाळी ओटीवर मी जुन्या वह्यांतून एक इंग्रजी बोली मोठ्यानं वाचायची. मास्तर तिचा अर्थ सांगायचे, पण मराठी मला सुचवू द्यायचे नाहीत आणि स्वतःही सुचवायचे नाहीत. ते प्रसंग रचायचे. एक माणूस आहे, त्यानं असं असं केलं, तर त्याला लोक काय म्हणतील? तो प्रसंग घेऊन मी गावात जायचं. वाडीत शिंपणं करणाऱ्याला विचारायचं, वाण्याला विचारायचं, कोळीवाड्यात विचारायचं. जे ऐकलं ते जसंच्या तसं आणायचं, आणि चिठ्ठीच्या खाली सांगणाऱ्याचा धंदा आणि अंदाजे वय लिहायचं. नाव नाही. मास्तर ऐकायचे, ओठांत घोळवायचे, मग सुपारी फुटायची किंवा फुटायची नाही.

न्यूकॅसलला कोळसा नेणं, अशी एक बोली होती. तिथे कोळशाच्या खाणीच आहेत, मास्तरांनी सांगितलं. वाडीतल्या म्हाताऱ्या गड्याला मी प्रसंग सांगितला तर तो झाडाला पाणी लावता लावता म्हणाला, "म्हंजे श्रीवर्धनाला सुपारी न्यायची, दुसरं काय?" अडकित्ता लगेच वाजला. असे दिवस आले की मला माझंच कौतुक वाटायचं.

कोळीवाड्यात एक पन्नाशीची कोळीण होती, आमच्या परसदारी रोज मासळी घेऊन यायची. तिला मी सगळ्यात जास्त विचारायचो आणि ती मला सगळ्यात जास्त छळायची. सगळं गाव मला मास्तरांचे डोळे म्हणायचं, ती नुसतं 'डोळ्या' म्हणायची. समुद्र पहिल्यांदा पाहून मी बावरलो तेव्हा मास्तर म्हणाले होते की इंग्रजीत अशा माणसाला पाण्याबाहेरचा मासा म्हणतात. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, पाण्याबाहेरच्या मासळीवरच आमचं पोट चालतं, त्यात वाईट ते काय? होड्या जाळून टाकणं, म्हणजे परतीची वाट स्वतःच बंद करणं, ही बोली तर तिला पटेचना. तिनं टोपली खाली ठेवली आणि मला नीट विचारलं की खरंच कोणी जाळली का. मी म्हटलं, जुन्या काळी कुठल्या तरी सरदारानं. ती म्हणाली, "सरदारच तो. कोल्याची असती तर जालली असती व्हय?"

तिच्यामुळेच मास्तरांना त्यांचा आवडता सिद्धांत सापडला. इंग्रजीत गोंधळलेल्या माणसाला 'अ‍ॅट सी' म्हणतात. समुद्रावर असल्यासारखा. मी प्रसंग सांगितला, वर ही इंग्रजी बोलीही सांगितली. कोळीण हसतच सुटली. तिचा नवरा समुद्रावर कधी गोंधळला नव्हता. तो गोंधळायचा कचेरीत, कारकुनासमोर. हे मी ओटीवर सांगितलं तेव्हा मास्तरांनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे ही बोली खलाशानं केलेली नाही. किनाऱ्यावर उभं राहून, पाण्याला भिणाऱ्यानं केली आहे. लक्षात ठेव, बोलणारा कुठे उभा होता ते बोलीत दिसतंच. लपवू म्हटलं तरी लपत नाही." ते वाक्य त्यांनी मला पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं. माझ्याच अक्षरात आहे ते.

चार वर्षांत आम्ही 'ए'पासून 'ई'पर्यंत आलो. पुढची एकवीस अक्षरं मी रोज संध्याकाळी मनात मोजायचो. ह्या चालीनं मी पस्तिशी ओलांडणार होतो, आणि मास्तर त्याआधी जाणार हे उघड होतं. म्हणजे काम संपायची वाट बघणं आणि त्यांच्या मरणाची वाट बघणं यात फरक उरत नव्हता. हा विचार आला की मला जेवण जायचं नाही. काकू विचारायची, मासळीचा काटा लागला का.

मला कोणी कोंडलं नव्हतं. उलट दरवर्षी नवं धोतर मिळायचं, सणाला पहिलं पान माझ्यापुढे यायचं. मागे डोंगर, पुढे समुद्र, दिघीला जायचं तर बैलगाडीचा दिवस. मृगाच्या आसपास बंदर बंद व्हायचं ते नारळी पौर्णिमेपर्यंत, तोवर आगबोट नाही. पण ते सगळं बाहेरचं. खरं कुलूप हे होतं की जातो म्हणायला तोंड कुठून आणायचं? ज्याचे आपण डोळे आहोत त्याला, मी निघालो, असं सांगता येतं का? तसं आपल्याकडे कोणी जातो म्हणतच नाही, येतो म्हणतो. मी तर येतो म्हणायलाही घाबरत होतो.

त्या उन्हाळ्यात मामाचं कार्ड आलं. आमच्या तालुक्याच्या टपाल कचेरीत खेडोपाडी पत्रं वाटायची जागा रिकामी होती. मामानं साहेबाच्या कानावर घातलं होतं. मृगाच्या आत हजर झालं पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. खाली एक ओळ होती: आईला आता विहिरीचा पोहरा ओढवत नाही, शेजारीण पाणी देते.

घरात येणारं प्रत्येक पत्र मीच वाचायचो. मास्तरांचं, काकूच्या माहेरचं, कोणाचंही. त्यामुळे माझं कार्ड माझ्याशिवाय कोणी वाचणार नव्हतं. काकूनं विचारलं, घरचं काय म्हणतात. सगळं खुशाल, मी म्हटलं. कार्ड 'ई'च्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात तळाशी सारलं. तिथे ते मला रोज दिसायचं, आणि मास्तरांचा हात रोज त्याच्यावरून फिरायचा.

एक आठवडा गेला. दुसरा गेला. मी रोज ठरवायचो की आज सुपारी फुटली की सांगायचं. सुपारी फुटायची, मास्तर खूश व्हायचे, आणि त्यांचा खूश चेहरा पाहून मी पुढची चिठ्ठी उचलायचो.

अशात एका सकाळी बोली आली: 'अ‍ॅट द एंड ऑफ वन्स टेदर'. मास्तरांनी समजावलं. जनावर दोरानं बांधलेलं आहे, दोर पुरेल तेवढ्या गोलातलं गवत त्यानं खाऊन संपवलं आहे, आता पुढे सरकता येत नाही. माणसाचा सोसण्याचा शेवट झाला की इंग्रज असं म्हणतो. मी ऐकत होतो आणि डोळ्यांसमोर आमच्या घरामागची शेळी होती. खुंटाभोवती जमिनीवर तिनं आखलेलं उघडं वर्तुळ होतं.

मास्तरांनी प्रसंग रचला आणि म्हणाले, जा, कोळीवाड्यात विचारून ये. मी निघालो, पण गेलो नाही. सुरूच्या झाडाखाली पुळणीवर बसून राहिलो. त्या दिवशी मला कोणाला काही विचारवेना. अर्ध्या तासानं मीच एक बोली केली. कोळ्यांची वाटावी म्हणून तिच्यात होडी घातली. घरी येऊन वाचून दाखवली: "दाव्याला बांधली होडी, भरती आली तरी खुंटापाशी." सांगणारी कोळीण, वय पन्नास.

चार वर्षांत चिठ्ठीत मी केलेली ही पहिली लबाडी. मास्तरांनी ती दोनदा म्हणवून घेतली. हात डब्याकडे गेला, सुपारी अडकित्त्यात बसली. मी वाट पाहत होतो. मग त्यांनी ती काढून डब्याशेजारी ठेवली.

"चांगली आहे. तू हे म्हणालीस का, असं तिलाच विचारायला हवं. उद्या आली की मला परसदारी ने."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हात धरून मागे नेलं. कोळीण काकूला बोंबील मोजून देत होती. मास्तरांनी विचारलं, ही बोली तुमच्यात चालते का, आणि माझी ओळ म्हणून दाखवली. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही, पण बायकांना ते वाचता येतं.

"व्हय मास्तर," ती म्हणाली. "म्हनतात की."

मास्तरांनी मान डोलावली आणि काठी टेकत आत गेले. काकू मासळी घेऊन चुलीकडे गेली. मग कोळणीनं मला जवळ बोलावलं. तिचा आवाज नेहमीसारखा टिंगलीचा नव्हता.

"डोळ्या, होरी दाव्यानं बांधतात व्हय रं? बैल हाय तो? आमी नांगर टाकतो, दोर लांब सोरतो, न्हायतर वर पुलनीवर ओढून घेतो. खुंटाला आखूड बांधली न् भरती आली, तर ती तिथं ऱ्हात न्हाय. पानी भरून बुरते." टोपली डोक्यावर घेऊन ती दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "कुनाला सांगायचं ते सांग. माज्या नावावर नको."

मी नऊ-दहा दिवस तसाच राहिलो. सुपारी डब्याशेजारी तशीच होती. रोज सकाळी मास्तर तिला बोटानं चाचपायचे आणि दुसरी घ्यायचे. दिघीहून शेवटची बोट कोणत्या दिवशी सुटणार हे वाण्याकडे कळलं होतं. आठ दिवस, मग सात. दक्षिणेकडून ढग यायला लागले, कोळ्यांनी होड्या ओढून वर घ्यायला सुरुवात केली. लाकडी ओंडक्यांवरून एकेक होडी सरकत यायची. तिला कुठेही खुंट नव्हता, हे मी आता पाहत होतो. इतकी वर्षं तिथेच राहून मी ते पाहिलंच नव्हतं.

बोटीला पाच दिवस राहिले तेव्हा मास्तरांनी सकाळी नेहमीची वही उघडू दिली नाही.

"पहिल्या वहीचं पहिलं पान वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. बोलणारा कुठे उभा होता ते बोलीत दिसतंच. लपवू म्हटलं तरी लपत नाही.

"तुझी कोळणीची बोली. तिला दोन दिवस मीही कोळणीचीच मानू पाहत होतो, कारण मला ती आवडली होती. मग होडीला दावं खुपायला लागलं. मी या किनाऱ्यावर जन्मलो आहे. इथला कोणी होडी तशी बांधत नाही. हा माणूस समुद्राकडे बघतोय, पण उभा आहे घाटावर, गोठ्यात." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आणि तो दमलेला आहे. किती दिवस झाले?"

मी म्हटलं, कशाला?

"कशाला ते तू सांग. मला दिसत नाही."

मी गठ्ठ्याच्या तळातून कार्ड काढलं. इतक्या वर्षांत त्या ओटीवर मी शेकड्यांनी पत्रं वाचली, माझं स्वतःचं पहिल्यांदाच वाचलं. विहिरीच्या ओळीसकट सगळं वाचून पुरं केलं. आतून काकूच्या पाट्याचा आवाज येत होता तो थांबला, म्हणजे ती ऐकत होती. मला वाटलं आता ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, मला पाय धरता आले असते.

त्यांनी विचारलं, "'ई'च्या किती चिठ्ठ्या राहिल्या?"

एकोणसाठ होत्या. मी खरं तेच सांगितलं.

"चार दिवसांत होतील. गावात विचारायला वेळ नाही. जे सुचेल ते घालू." हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. गावाला विचारल्याशिवाय एक शब्द घालायचा नाही, हा त्यांचा नेम होता. तो ते माझ्या बोटीसाठी मोडत होते. मी राहतो, असं ओठांपर्यंत आलं होतं. ते बाहेर आलं नाही. ते माझ्या धीरामुळे की भित्रेपणामुळे, हे मला आजही सांगता येत नाही.

मग ते म्हणाले, "तुझी ती चिठ्ठी काढ. कोळीण खोड. लिही: सांगणारा घाटावरचा, शाळा सुटलेला, वय वीस. आता ती खरी आहे."

मी लिहिलं. त्यांनी डब्याशेजारची सुपारी चाचपून घेतली आणि अडकित्त्यात धरली. दहा दिवसांत ती कडक झाली होती. दोनदा जोर लावल्यावर फुटली.

चौथ्या दिवशी दुपारी 'ई' संपलं. निघायच्या सकाळी काकूनं फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या बांधल्या, सुकट बांधली, आणि कोयनेलची पुडी दिली. घाटावर हिवताप फारसा नसतो हे तिला माहीत होतं, तरी दिली. मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा त्यांनी माझे खांदे चाचपले, जणू माप घेत होते. मी येतो म्हटलं. ते बरं म्हणाले. गाडी कोळीवाड्यावरून गेली तेव्हा कोळीण जाळं उन्हात टाकत होती. तिनं हात केला नाही, नुसतं ओरडून विचारलं की आता मास्तरांनी बघायचं कशानं. गाडीवान हसला.

जागा मिळाली. मृगाच्या दोन दिवस आधी हजर झालो. आईचा पोहरा मी ओढायला लागलो. पण पहिलं पत्र लिहायला बसलो आणि पेन थांबलं. ते वाचणार कोण? मास्तरांना दिसत नव्हतं, काकूला वाचता येत नव्हतं, आणि त्या घरात पत्रं वाचणारा तर पत्र लिहीत बसला होता. तरी लिहिलं, मोठ्या अक्षरात, सरळ. एकही म्हण घातली नाही.

बंदर उघडल्यावर उत्तर आलं. कार्डावर कोणा शाळकरी मुलीचं वेडंवाकडं अक्षर होतं, मागाहून कळलं की शेजारच्या वाडीतली होती. मजकूर मास्तरांचाच. प्रकृती बरी, पाऊस पुष्कळ, सुपारी गळली. त्याखाली: 'एफ' सुरू केलं आहे. इंग्रजीत दुय्यम जागी काम करणाऱ्याला दुसरं फिडल वाजवणारा म्हणतात. प्रसंग असा, की एकाचं नाव होतं आणि दुसरा त्याच्यामागे आयुष्यभर राबतो. तुमच्या घाटावर काय म्हणतात? विचारून कळव. स्वतः करू नकोस.

मी टपालाची पिशवी घेऊन फिरायचो त्या वाटेवर एका गावात लग्नाला सनई वाजवणारे दोघे भाऊ होते. धाकटा सनई वाजवत नसे, नुसता सूर धरून बसायचा, गाल फुगवून, तासन्‌तास. त्याला प्रसंग सांगितला. त्यानं विचार केला आणि म्हणाला की आमच्यात त्याला सूर धरणं म्हणतात. मग म्हणाला, "पर ह्यो सुटला तर सनईवाला उघडा पडतो. हेबी लिवा."

मी दोन्ही लिहिलं. सांगणारा सूर धरणारा, वय तिशीच्या आतबाहेर. कार्ड माझ्याच हातानं शिक्का मारून पिशवीत टाकलं. मग उत्तराची वाट पाहत राहिलो. पुढच्या कार्डात नवी बोली आली, त्यापुढच्यात आणखी एक. आधीची मंजूर झाली की नाही हे मास्तरांनी कधी लिहिलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही. तेरा वर्षं कार्डं येत राहिली आणि मी गावोगाव विचारत फिरलो. ओटीवर असतो तर आवाज ऐकू आला असता.